जनगणना, निधनवार्ता आणि कावेरीकाठचे मराठी घराणे : ग्रामीण कुटुंबाचा इतिहास कसा शोधावा

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी समजाव्यात, अशी अपेक्षा आहे : (१) भारतीय जनगणनेतून कौटुंबिक इतिहासासाठी काय मिळते आणि काय मिळत नाही, (२) वृत्तपत्रांतील निधनवार्ता पुरावा म्हणून कशी वाचावी, (३) जमिनीच्या, नोंदणीच्या आणि न्यायालयाच्या कागदपत्रांशी या दोन्ही साधनांची सांगड कशी घालावी, (४) कोणाचा इतिहास कागदावर उतरला आणि कोणाचा उतरला नाही.

१. प्रस्तावना

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात भिंतीवर एक प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. सरफोजी राजे (दुसरे) यांच्या आज्ञेने डिसेंबर १८०३ मध्ये, म्हणजे शके १७२५, रुधिरोद्गारी संवत्सरात तो कोरला गेला. ‘भोंसले वंशचरित्र’ या नावाने तो ओळखला जातो. एका राजघराण्याने आपल्या पिढ्यांचा वृत्तांत दगडावर लिहून ठेवला तो असा. १७९९ च्या तहाने सरफोजींच्या हातून राज्यकारभार गेला होता. सत्ता गेल्यानंतर चारच वर्षांनी वंशेतिहास कोरून घ्यावासा वाटला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

परंतु १६७० च्या दशकात व्यंकोजी राजांनी तंजावर घेतल्यापासून जी मराठी माणसे कावेरीच्या खोऱ्यात गेली, ती सगळी राजघराण्यातील नव्हती. शिपाई होते, कारकून होते, शास्त्री-पुराणिक होते, कीर्तनकार होते, शिंपी होते. त्यांच्यापैकी अनेकांना गावोगावी जमिनी मिळाल्या आणि ते तिथलेच झाले. त्यांचे वंशज आजही घरात तंजावरी मराठी बोलतात, बाहेर तमिळ बोलतात आणि पत्त्यात चेन्नई, कुंभकोणम किंवा तिरुवारूर लिहितात. ‘आपण मूळचे कुठले?’ या प्रश्नाला बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते : ‘शिवाजी महाराजांच्या भावाबरोबर आलो.’ उत्तर खोटे नाही. पण ते सगळ्या घरांना सारखेच लागू पडते, म्हणून ते इतिहास ठरत नाही. इतिहासाला नाव, गाव, साल आणि पुरावा लागतो.

असे पुरावे शोधायचे तर त्यांतील बरेचसे कागद आज चेन्नईत आहेत. एग्मोर भागातील तमिळनाडू अभिलेखागार (पूर्वीचे मद्रास रेकॉर्ड ऑफिस), त्याच परिसरातील १८९६ चे कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय, १८६९ मध्ये स्थापन झालेले शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालय आणि तरमणी येथील रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालय ही त्यांतील प्रमुख ठिकाणे होत. या पाठात आपण ग्रामीण मराठी कुटुंबाचा शोध घेण्याची पद्धत पाहू. पद्धत तंजावरची असली, तरी ती थोड्याफार फरकाने देशातील कोणत्याही खेड्याला लावता येईल.

२. जनगणना : माणसे मोजली, नावे गेली

ब्रिटन किंवा अमेरिकेत कौटुंबिक इतिहासाचा अभ्यास जनगणनेपासून सुरू होतो. तिथे घरोघरच्या मूळ याद्या जपून ठेवल्या आहेत आणि ठरावीक मुदतीनंतर त्या लोकांसाठी खुल्या होतात. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे. त्यामुळे १९५० ची यादी २०२२ मध्ये खुली झाली. इंग्लंडमध्ये ती १०० वर्षांची मानली जाते. १९२१ ची यादी जानेवारी २०२२ मध्ये उपलब्ध झाली. आपल्या खापरपणजोबांचे नाव, वय, व्यवसाय आणि त्या रात्री घरात असलेली माणसे तिथल्या वाचकाला घरबसल्या पाहता येतात.

भारतात तसे करता येत नाही. मद्रास इलाख्यात पहिली व्यवस्थित जनगणना नोव्हेंबर १८७१ मध्ये झाली आणि तिचा अहवाल डॉ. डब्ल्यू. आर. कॉर्निश यांनी लिहिला. त्यानंतर १८८१ पासून दर दहा वर्षांनी देशभर एकाच वेळी गणना होऊ लागली. गणनेच्या तक्त्यात नाव, लिंग, वय, विवाहस्थिती, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थान, शिक्षण, व्यवसाय असे रकाने असत. म्हणजे माहिती गोळा झाली होती, नावेही लिहिली होती. परंतु आकडे काढून झाले की मूळ कागदांची गरज संपली असे मानले जाई, आणि ते नष्ट केले जात. १९०१ पासून माहिती छोट्या चिठ्ठ्यांवर उतरवून वर्गवारी करण्याची पद्धत आली. त्या चिठ्ठ्याही टिकल्या नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार जनगणनेच्या नोंदी कोणालाही पाहण्यास खुल्या नाहीत. लोकांनी निर्भयपणे खरी माहिती द्यावी, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. तो मान्य करूनही इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे पक्के समजून घ्यावे की भारतीय जनगणनेत आपल्या आजोबांचे नाव सापडणार नाही.

मग जनगणनेचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि मोठा आहे. छापील अहवाल आणि तक्ते शिल्लक आहेत. माणसाभोवतीचे जग त्यांत दिसते. काही उदाहरणे पाहू.

*मातृभाषेचा तक्ता.* १८८१ पासून जिल्हावार भाषांचे आकडे मिळतात. तंजावर जिल्ह्यात मराठी बोलणारे किती, स्त्रिया किती, पुरुष किती, हे दर दहा वर्षांनी तपासता येते. मात्र इथे सावध राहावे लागते. दक्षिणेत मराठी लोकांना ‘आरे’ किंवा ‘आर्य’ असेही म्हटले जाई; १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडगर थर्स्टन यांच्या दक्षिण भारतातील जातीजमातींवरील ग्रंथातही हे शब्द मराठीचे समानार्थी म्हणून दिले आहेत. म्हणून तक्त्यातला एकच रकाना पाहून थांबू नये. शिवाय एखाद्या दशकात मराठी भाषकांचा आकडा घटला, तर माणसे घटली की ‘मातृभाषा तमिळ’ असे सांगणारी वाढली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

*जातीचा तक्ता.* १९३१ पर्यंतच्या अहवालांत जातवार आकडे सविस्तर आहेत. मराठा, देशस्थ ब्राह्मण, मराठी बोलणारे शिंपी आणि रंगारी हे सगळे ‘मराठी’ असले, तरी तक्त्यांत ते वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात.

*दोन गणनांमधील फरक.* १८७१ ते १८८१ या काळात मद्रास इलाख्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. त्याचे प्रमुख कारण १८७६–७८ चा दुष्काळ. तमिळ लोक त्याला आजही ‘धातु वर्षाचा दुष्काळ’ म्हणतात, कारण १८७६–७७ हे धातु संवत्सर होते. ‘आमचे पणजोबा धातु वर्षाच्या दुष्काळात लहान होते’ हे घरातले वाक्य म्हणूनच मोलाचे असते. त्यावरून जन्मसाल अंदाजाने ठरवता येते.

*वयांचा तक्ता.* लोक वय सांगताना ३०, ४०, ५० असे गोल आकडे सांगत. अहवालांत हे दोष लेखकांनी स्वतःच नोंदवले आहेत. म्हणून कोणत्याही कागदावर ‘वय ६०’ दिसले की ते ५७ किंवा ६३ ही असू शकते, हे जनगणनेनेच आपल्याला शिकवले आहे.

*गणनेची रात्र.* १९३१ पर्यंतची गणना एका ठरलेल्या रात्रीची असे. ज्या घरी माणूस त्या रात्री होता, तिथे तो मोजला जाई. मद्रासमध्ये शिकणारा मुलगा मद्रासच्या आकड्यात गेला, गावच्या नव्हे. ग्रामीण कुटुंबे शहरात कशी विखुरली, हे जन्मस्थानाच्या तक्त्यावरून कळते ते यामुळेच.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष सांगायला हवी. घरातील स्त्रियांची नावे परक्या गणकाला सांगण्यास अनेक कुटुंबे तयार नसत. ब्रिटिशकालीन सूचनांमध्ये अशा वेळी नावाच्या जागी फक्त ‘स्त्री’ असे लिहिण्याची मुभा होती. म्हणजे मूळ याद्या टिकल्या असत्या, तरी आपल्या पणजीचे नाव तिथे मिळालेच असते असे नाही.

३. निधनवार्ता : मृत्यूच्या निमित्ताने लिहिलेले आयुष्य

जनगणनेत समाज आहे, पण नाव नाही. निधनवार्तेत नाव आहे. मद्रासमधील ‘मद्रास मेल’ (१८६८), ‘द हिंदू’ (१८७८), ‘स्वदेशमित्रन्’ (१८८२) आणि ‘दिनमणि’ (१९३४) या वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत मृत्युलेख, छोट्या निधनवार्ता आणि पैसे भरून दिलेल्या जाहिराती अशा तीन प्रकारच्या नोंदी आढळतात. तिन्ही वेगळ्या पद्धतीने वाचाव्या लागतात. मृत्युलेख संपादक लिहितो, निधनवार्ता बातमीदार देतो आणि जाहिरात कुटुंब देते. कुटुंबाला काय सांगायचे होते आणि काय सांगायचे नव्हते, हे तिसऱ्या प्रकारात सर्वांत जास्त दिसते.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमच्या मराठी कुटुंबात झाला. ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे मद्रासमध्ये निधन झाले. त्याच वर्षीची जनगणना २६ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. मृत्यूपूर्वी अवघे सदतीस दिवस आधी ते कुठल्या तरी घराच्या यादीत ‘एक पुरुष, मातृभाषा मराठी’ असे मोजले गेले असणार. तो कागद आज नाही. वृत्तपत्रांतील मृत्युलेख मात्र आहेत. प्रसिद्ध माणसाच्या बाबतीतसुद्धा जनगणना आणि निधनवार्ता यांच्यातील फरक असा आहे. मग खेड्यातील सामान्य माणसाचे काय, याची कल्पना करता येईल.

निधनवार्तेतील नाव वाचताना काही संकेत माहीत असावेत.

पहिला संकेत आद्याक्षरांचा. दक्षिणेत आडनाव मागे पडले आणि नावापुढे गावाचे किंवा वडिलांचे आद्याक्षर आले. माधवरावांच्या नावातील ‘टी’ म्हणजे तंजावर. त्यांचे पुत्र टी. आनंदराव हे म्हैसूरचे दिवाण झाले. त्यांच्या नावातही तेच आद्याक्षर राहिले. म्हैसूर, त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण व्ही. पी. माधवराव (१८५०–१९३४) हेही कुंभकोणमचेच. त्यांचे पूर्ण नाव विश्वनाथ पाटणकर माधवराव. ‘पी’ या एका अक्षरात ‘पाटणकर’ हे महाराष्ट्रातून आलेले आडनाव दडलेले होते. आद्याक्षर उलगडले की कधी कधी मूळ गावाचा धागा हाती लागतो. मात्र पाटण नावाची गावे एकाहून अधिक आहेत. आडनाव हा धागा आहे, पुरावा नव्हे.

दुसरा संकेत प्रत्ययांचा. मराठी कुटुंबांत पुरुषांच्या नावापुढे ‘राव’ आणि स्त्रियांच्या नावापुढे ‘बाई’ टिकून राहिले. तमिळ वृत्तपत्रात हाच राव ‘रायर’ होतो, जुन्या इंग्रजी कागदांत त्याचे वर्णलेखन ‘रो’ असे केलेले दिसते. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तंजावर जिल्ह्याच्या माहितीग्रंथावर लेखकाचे नाव टी. वेंकासामी रो असेच छापले आहे. मात्र तेलुगू आणि कन्नड कुटुंबांतही राव असतात. म्हणून केवळ नावावरून कोणालाही मराठी ठरवू नये.

तिसरा संकेत नावांच्या पुनरावृत्तीचा. पहिल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची प्रथा असल्यामुळे एका घराण्यात दर दुसऱ्या पिढीत तेच नाव येते. साल न पाहता नोंदी जोडल्या, तर आजोबा आणि नातू यांचा एकच माणूस होऊन बसतो. नवशिक्या संशोधकाची ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

४. सांगड कशी घालावी : एक नमुना

आता एक काल्पनिक उदाहरण सोडवून पाहू. कुटुंब काल्पनिक आहे, पण कागदांचे प्रकार खरे आहेत.

समजा, १९३४ मधील एका इंग्रजी दैनिकात चार ओळींची वार्ता सापडली : कुंभकोणम तालुक्यातील अमुक गावचे मिरासदार, निवृत्त शिरस्तेदार, वय ७०, मद्रासमध्ये मुलाच्या घरी निधन, मागे पत्नी, तीन मुलगे. यावरून आपण पुढील पायऱ्या चढू.

*पहिली पायरी : जन्मसाल.* १९३४ मधून ७० वजा केले तर १८६४. गोल आकडा असल्याने १८६१ ते १८६७ असा पट्टा धरू. घरात ‘ते धातु वर्षाच्या दुष्काळात मुंज झालेले पोर होते’ अशी आठवण असेल, तर १८७६ मध्ये त्यांचे वय बाराच्या आसपास बसते. दोन स्वतंत्र साधने एकमेकांना दुजोरा देतात.

*दुसरी पायरी : मृत्यूची नोंद.* मद्रास इलाख्यात १८९९ च्या कायद्याने जन्ममृत्यूची नोंदणी होत होती. मृत्यू मद्रास शहरात झाला, म्हणून नोंद शहराच्या दप्तरात शोधायची, गावच्या नव्हे. वार्तेतील ‘मुलाच्या घरी’ हे दोन शब्द इथे उपयोगी पडतात.

*तिसरी पायरी : जमीन.* वार्तेत ‘मिरासदार’ म्हटले आहे. मद्रास सरकारने १८५८ मध्ये इनाम कमिशन नेमले. त्याने गावोगावच्या इनाम जमिनी तपासून जे दप्तर तयार केले, त्याला इनाम फेअर रजिस्टर म्हणतात. जमीन किती, कोणी दिली, कधी दिली, मूळ इनामदार कोण, सध्याचा धारक कोण, त्याचे मूळ पुरुषाशी नाते काय, असे रकाने त्यात आहेत. ग्रामीण कुटुंबासाठी याहून मोठा खजिना नाही, कारण इथे सरकारनेच वंशावळ लिहून घेतली आहे. समजा, आपल्या गावच्या १८६२ च्या नोंदीत धारक म्हणून त्या शिरस्तेदारांचे वडील सापडले आणि मूळ इनाम ‘फसली ११९०’ चे निघाले. मद्रासकडील फसली वर्षात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो : ११९० + ५९० = १७८०. हे वर्ष जुलैमध्ये सुरू होत असल्याने १७८०–८१ असे लिहावे. तेव्हा तंजावरच्या गादीवर तुळजाजी राजे (दुसरे) होते. म्हणजे इनाम भोसल्यांच्या काळातले ठरले आणि कुटुंबाचा इतिहास एका फटक्यात ऐंशी वर्षे मागे गेला.

*चौथी पायरी : विसंगती.* समजा, त्याच नोंदीत असेही दिसले की गावाचे दहा हिस्से होते आणि या कुटुंबाकडे त्यांतील एकच हिस्सा होता. निधनवार्ता वाचून वाटले होते की सगळे गावच यांचे. वार्तेने खोटे सांगितले नाही. हिस्सेदारही मिरासदारच असतो. पण नातवंडांच्या तोंडी ‘आमचं अख्खं गाव होतं’ ही कथा कशी तयार होते, ते इथे कळते. अशा वेळी विद्यार्थ्याने कथा पुसून टाकू नये. कागद काय सांगतो आणि घर काय सांगते, हे दोन्ही शेजारी शेजारी लिहावे.

*पाचवी पायरी : स्त्रिया.* वार्तेत ‘पत्नी’ आहे, नाव नाही. मुलींचा तर उल्लेखच नाही. हे नाव मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र आणि दत्तकपत्र या दस्तांत. १८६० च्या दशकापासून दस्तनोंदणीची कचेरी सुरू झाली होती. तमिळनाडूत जमिनीवरील बोज्याच्या दाखल्याला ‘विल्लंगम’ म्हणतात. त्यावरून जुन्या दस्तांचे क्रमांक काढता येतात. विधवेने केलेली विक्री किंवा स्त्रीधनातून घेतलेली जमीन असेल, तर तिथे ती स्वतःच्या नावाने उभी असते. न्यायालयीन दाव्यांतही असेच घडते. तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी (दुसरे) १८५५ मध्ये वारले आणि कंपनीने त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली, तेव्हा राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला. तो १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, पण नाव इतिहासात राहिले. लहान घरांतील वारसाहक्काचे दावे जिल्हा न्यायालयांच्या दप्तरांत असेच पडून आहेत.

*सहावी पायरी : जिल्ह्यांच्या सीमा.* जुन्या कागदात ‘तंजोर जिल्हा’ असेल, तर आजचा जिल्हा तपासावा. १९९१ मध्ये नागपट्टिनम, नंतर तिरुवारूर आणि २०२० मध्ये मयिलादुतुरै असे जिल्हे वेगळे झाले. कागद एका जिल्ह्याच्या नावाने आणि गाव दुसऱ्या जिल्ह्यात, असे वारंवार घडते. गावचे हिशेब ठेवणारे वंशपरंपरागत कर्णम हे पद तमिळनाडूत १९८० मध्ये रद्द झाले. त्यामुळे काही जुने कागद कर्णम घराण्यांकडे राहिले असण्याची शक्यता असते. त्यांची विचारपूस करावी.

*सातवी पायरी : मोडी.* कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या काळापर्यंत तंजावरचे दप्तर मोडी लिपीत, मराठीत लिहिले जाई. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे असंख्य रुमाल आहेत. १८५० च्या मागे जायचे, तर मोडी शिकण्यावाचून गत्यंतर नाही. इंग्रजी आणि तमिळ कागदांवर थांबणारा अभ्यास इनाम कमिशनपाशीच थांबतो.

५. ज्यांचा कागद नाही, त्यांचे काय?

वरील सातही पायऱ्या चढता आल्या, कारण त्या कुटुंबाकडे जमीन, नोकरी आणि शहरातील दैनिकात वार्ता देण्याइतकी ओळख होती. परंतु त्या दहाव्या हिश्श्याची जमीन कसत कोण होते? कावेरीच्या खोऱ्यात मिरासदाराच्या शेतात राबणाऱ्या बांधील मजुराला ‘पण्णैयाळ’ म्हणत. यांतील बहुसंख्य माणसे दलित जातींची होती. इनाम फेअर रजिस्टरमध्ये त्यांचा रकाना नाही. दस्तनोंदणीत ते नाहीत, कारण विकायला किंवा घ्यायला त्यांच्याकडे काही नव्हते. निधनवार्तेत ते नाहीत. जनगणनेच्या तक्त्यात मात्र ते आहेत. जातीच्या नावाखाली, आकड्याच्या रूपाने. म्हणजे ज्या साधनाला आपण ‘नाव नसलेले’ म्हणून बाजूला ठेवत होतो, तेच या कुटुंबांसाठी जवळजवळ एकमेव सरकारी साधन उरते.

तंजावर जिल्ह्यातील कुळे आणि पण्णैयाळ यांच्या संरक्षणासाठी १९५२ मध्ये कायदा झाला. त्या निमित्ताने झालेले तंटे, कामगार संघटनांची पत्रके, पोलीस आणि न्यायालयांचे कागद यांत मजुरांची नावे प्रथमच मोठ्या संख्येने दिसू लागतात. २५ डिसेंबर १९६८ रोजी तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील किळवेण्मणि या गावी मजुरीच्या वादातून दलित मजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला आणि एका झोपडीत आसरा घेतलेली ४४ माणसे जाळून मारली गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. त्या मृतांची नावे आज तिथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे नाव कोणत्याही दप्तरात नीट लिहिले गेले नाही, त्यांचे नाव दगडावर आले ते अशा रीतीने.

म्हणून आपल्या कुटुंबाचा इतिहास लिहिणाऱ्याने एक नियम स्वतःला घालून घ्यावा : घराण्याची जमीन सापडली, की ती कसणाऱ्यांचाही शोध घ्यावा. त्यासाठी तोंडी इतिहासाचाच आधार घ्यावा लागेल. गावातील वस्तीत जाऊन, परवानगी घेऊन, वृद्धांना विचारावे लागेल. मिळेल ते जसेच्या तसे, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून ठेवावे.

६. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी

हीच पद्धत महाराष्ट्रात लावताना साधनांची नावे बदलतात. इनाम फेअर रजिस्टरच्या जागी मुंबई इलाख्यातील इनाम कमिशनचे कागद आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल येतात. तिकडच्या ‘चिट्टा’ आणि ‘अडंगल’ यांच्या जागी सातबारा येतो. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक, वयासाठी शाळेचे जनरल रजिस्टर, वंशावळीसाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी हेच जुने मोडी कागद गावोगावी बाहेर काढले गेले, तेव्हा कोपऱ्यात पडलेल्या दप्तराचे मोल सर्वांनाच कळले. मात्र दाखल्यासाठी केलेला शोध एका शब्दापाशी थांबतो. इतिहासासाठी केलेला शोध सगळे पान वाचतो.

७. सारांश

भारतीय जनगणना समाजाचे चित्र देते, व्यक्तीचे नाव देत नाही. निधनवार्ता नाव देते, पण निवडून दिलेले आयुष्य सांगते. जमिनीचे आणि न्यायालयाचे कागद नाते आणि हक्क दाखवतात, पण ज्यांना हक्क नव्हता त्यांना वगळतात. कोणतेही एक साधन पुरेसे नाही. एकाने सांगितलेले दुसऱ्याने तपासावे लागते. आणि कागद जिथे संपतात, तिथे माणसांना विचारावे लागते. ही माणसे वृद्ध आहेत. तंजावरी मराठीत आजीने सांगितलेली हकीकत समजणारी पिढी दर वर्षी कमी होत आहे. अभिलेखागारातील रुमाल पुढच्या वर्षीही तिथेच असेल. आजी असेलच असे नाही. म्हणून पहिली मुलाखत घरातच घ्यावी आणि एग्मोरची वाट त्यानंतर धरावी.

स्वाध्याय

१. आपल्या कुटुंबातील किंवा गावातील एका व्यक्तीची जुनी निधनवार्ता मिळवा. तिच्यात कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत, याची यादी करा.

२. फसली १२७० आणि शके १७८५ यांचे इसवी सन काढा. आपण कोणत्या चुकीची शक्यता गृहीत धरली, ते लिहा.

३. ‘धातु वर्षात जन्म’ एवढीच माहिती असेल, तर १८१६, १८७६ आणि १९३६ यांपैकी योग्य वर्ष कसे ठरवाल? कोणती साधने वापराल?

४. जनगणनेच्या मूळ याद्या १०० वर्षांनी खुल्या कराव्यात की नाही? गोपनीयता आणि इतिहास या दोन्ही बाजूंचा विचार करून ३०० शब्दांत टिपण लिहा.

५. आपल्या गावातील एका जमिनीचे आजचे धारक आणि पूर्वी ती कसणारी कुटुंबे यांची माहिती तोंडी इतिहासाच्या पद्धतीने गोळा करा. सांगणाऱ्याची परवानगी घ्या आणि त्याची इच्छा नसल्यास नाव लिहू नका.